आवरायचं नाही असं एक टेबल

नाशिकहून एका मैत्रिणीचं आठ पानी पत्र आलं आहे. तिची ओळख पटू नये म्हणून काही तपशील गाळून थोडक्यात देते.

तिचं वय ३४. चित्रकलेची पदविका घेतलेली, जलरंग हे आवडतं माध्यम. कॉलेजात असताना पहाटे गोदाघाटावर बसून निसर्गचित्रं करायची. लग्नानंतर चार वर्षं नोकरी केली, मुलगी झाल्यावर सोडली. आता मुलगी पहिलीत आहे, साडेबाराला शाळेतून येते. वन बीएचके फ्लॅटमध्ये ती, नवरा, मुलगी आणि सासूबाई. नवरा कारखान्यात, शिफ्ट दर आठवड्याला बदलते. ती घरून फोटोवरून जोडप्यांची, आजी-आजोबांची चित्रं करून देते, दारावरच्या पाट्या रंगवते. महिन्याला साधारण सहा चित्रं होतात. एका चित्राचे १५०० रुपये घेते. त्यातले ५०० कागद, रंग आणि फ्रेमला जातात, काम १२ तासांचं. जेवणाच्या टेबलावर बसते आणि जेवणाआधी, चहाआधी, पाहुणे येण्याआधी सगळं आवरते. घरात कोणी वाईट नाही, असं ती दोनदा लिहिते. पण 'घरीच तर असते' म्हणून सिलिंडर, कुरिअर, सोसायटीची वर्गणी, नणंदेच्या मुलाचा शाळेचा प्रकल्प, सगळं तिच्या वाट्याला. सासूबाई 'हा पसारा अजून किती वेळ?' असं विचारतात. मुलगी परवा म्हणाली, 'आई, तू रंगवतेस तेव्हा चिडकी होतेस.' स्वतःसाठी शेवटचं चित्र केलं त्याला तीन वर्षं झाली. आता एका शाळेत कलाशिक्षिकेची कंत्राटी जागा आली आहे, महिना १२,००० रुपये, सकाळी ८ ते २. नवरा म्हणतो, 'घे, निदान पक्के पैसे.' ती विचारते: नोकरी घेतली तर चित्रकार म्हणून मी संपले का? आणि नाही घेतली तर मी स्वार्थी ठरते का? मला फक्त वेळेचं नियोजन सांगा, बाकीचं मी बघेन.

प्रिय मैत्रिणी,

तुझं पत्र मी दोनदा वाचलं. पहिल्यांदा सलग, दुसऱ्यांदा हातात पेन्सिल घेऊन. एका शब्दाखाली रेघ मारत गेले आणि शेवटी मोजलं. 'आवरते', 'आवरलं', 'आवरायचं'. आठ पानांत एकोणीस वेळा. 'वेळ' हा शब्द पाचच वेळा आला आहे, त्यातला एक शेवटच्या ओळीत, माझ्याकडे नियोजन मागताना. म्हणून वेळापत्रकाचं नंतर बघू. आधी तुझ्या त्या मंगळवाराचं बोलू, जो तू घड्याळ लावून लिहिला आहेस.

सव्वादहाला टेबलावर प्लास्टिक अंथरलंस, पाण्याची दोन भांडी, रंगाची थाळी, बोर्ड, चिंध्या, फोटो असं सगळं मांडलंस. साडेबाराला मुलगी आली म्हणून आवरलंस. अडीचला पुन्हा मांडलंस, चारला चहासाठी आवरलंस. रात्री साडेनऊला मांडलंस, अकराला आवरून झोपलीस. टेबलापाशी तू एकूण सव्वापाच तास होतीस. मांडायला वीस मिनिटं आणि आवरायला पंधरा, हे तूच लिहिलं आहेस. तीन वेळा म्हणजे पावणेदोन तास. सव्वापाचातले पावणेदोन. बरोबर तिसरा हिस्सा तू चित्र काढत नव्हतीस, चित्राच्या खुणा पुसत होतीस.

आणि ही नुसती मिनिटं नाहीत. अर्धं चित्र समोर उभं असलं की माणूस भाजी निवडतानाही त्याच्याकडे बघतो. येता-जाता दिसतं की आजीच्या गालावरची सावली जरा थंड झाली आहे. तेच चित्र कपाटात गेलं की डोक्यातूनही जातं, आणि परत बाहेर काढलं की पहिली दहा मिनिटं आपण कुठे होतो ते आठवण्यात जातात. तुला वाटतं की तुझी एकाग्रता कमी झाली आहे. मला तसं वाटत नाही. दिवसातून तीनदा गुंडाळून ठेवलेलं काम कोणाच्याही मनात मुरणार नाही.

मी हे पुस्तकातून सांगत नाही. दिवाळी अंकांसाठी मी वीसेक वर्षं घरून रेखाटनं केली. हे काम नेमकं सणावारात अंगावर येतं. कथा हातात पडते श्रावणात आणि चित्रं मागतात ती पितृपक्षाच्या आत, म्हणजे मधला सगळा काळ गौरी-गणपतीचा. आमच्या दोन खोल्यांत टेबल नव्हतंच. पहिली तीन-चार वर्षं मी जमिनीवर पाट घेऊन बसायची आणि कोणी आलं की उठायची. मग एकदा धान्याच्या कोठीवर ड्रॉइंग बोर्ड ठेवला आणि उभ्यानेच काम करायला लागले. कोठीवर कोणी जेवत नाही, कोणी बसत नाही, पाहुण्यांपुढे ती कोणी रिकामी करून ठेवत नाही. गहू काढायचे तेव्हा बोर्ड उचलायचा, परत ठेवायचा. त्या वर्षी माझं काम पहिल्यांदा वेळेत झालं. पाय दुखायचे, हेही सांगते.

तेव्हा पहिली गोष्ट ही. घरात तीन फूट बाय दोन फूट अशी एक जागा शोध, जी आवरायची नाही. मदतीचं, कौतुकाचं नंतर. आधी एवढीच मागणी घरात मांड, आणि मोजमापासकट मांड. 'मला माझी स्पेस हवी' म्हटलं की घरातल्यांना काय करायचं ते कळत नाही, उलट सगळे आपापल्या परीने दुखावतात. 'खिडकीजवळच्या या तीन फुटांवर कोणी काही ठेवायचं नाही आणि मी उचलायचं नाही' हे सहा वर्षांच्या मुलीलाही कळतं. टीव्ही भिंतीवर लावल्यापासून खालचं युनिट नुसतं शोभेचं उरलं आहे, असं तूच लिहिलंस. ते काढता आलं तर हॉलमध्येच ही जागा निघेल. सध्या तेही शक्य नसेल तर एक मोठा ट्रे घे, लग्नकार्यात वाढायला वापरतात तसला. पाणी सोडून सगळं त्यातच मांडलेलं राहू दे, थाळी, ब्रश, चिंध्या, फोटो. उठायची वेळ आली की ट्रे जसाच्या तसा कपाटावर ठेवायचा. पस्तीस मिनिटांचं काम पाचावर येईल.

आणि थाळी धुणं आजपासून बंद कर. रोज रात्री ती घासून पांढरीशुभ्र करतेस हे वाचून मला चुटपुट लागली. जलरंग बाभळीच्या जातीच्या झाडाच्या डिंकात बांधलेला असतो. वाळला तरी पाण्याच्या थेंबाने पुन्हा उठतो. घरात काम करणाऱ्या बाईसाठी याच्याइतकं सोयीचं माध्यम नाही. पाट्यांचं ॲक्रिलिक तसं नाही, ते थाळीत वाळलं की गेलं. म्हणून पाट्या महिन्यातून दोनदा एकगठ्ठा कर आणि जलरंगाची थाळी तशीच झाकून ठेव. तिच्यावर वाळलेले डाग हा पसारा नाही, तो तुझा साठा आहे.

आता वेळापत्रक. तू आतापर्यंत तीन करून बघितलीस आणि तिन्ही मोडली, म्हणून स्वतःला बेशिस्त म्हणवतेस. पण तुझ्या घराचं घड्याळच दर सोमवारी बदलतं. पहिली शिफ्ट असली की चारला डबा, दुसरी असली की रात्री बाराला जेवण, तिसरी असली की एकुलत्या बेडरूममध्ये दिवसभर पडदे ओढलेले आणि सगळे दबक्या आवाजात. अशा घरात सकाळी दहा ते एक असं छापील वेळापत्रक टिकणारच नाही. मोडलं ते वेळापत्रक, तू नव्हेस.

त्यापेक्षा कामाची वेगळी वाटणी कर. ओलं काम आणि कोरडं काम. ओल्या कागदावर पार्श्वभूमी सोडलीस की पुढची दहा-पंधरा मिनिटं कागद कोणासाठी थांबत नाही. मध्येच दारावरची बेल वाजून तू उठलीस की कड वाळते, परत येऊन पाणी लावलंस की डाग पसरतो आणि मग तू मुलीवर चिडतेस. हे काम फक्त घर शांत असतानाच काढायचं. कोरडं काम मात्र गडबडीतही होतं. फोटोवरून रेखांकन, कागद बोर्डावर ताणून चिकटवणं, केस आणि साडीच्या काठाचे बारीक तपशील, पॅकिंग, गिऱ्हाइकांना उत्तरं. मुलगी शेजारी अभ्यासाला बसली असताना ही कामं बिनदिक्कत कर. दर सोमवारी शिफ्ट कळली की आठवड्यातले ओल्या कामाचे चार तुकडे तेवढे ठरव, प्रत्येकी दीड-दोन तासांचे. चारच. बाकी आठवडा कसाही गेला तरी ते चार धरून ठेव.

मुलगी म्हणाली ते खरं आहे, हे मान्य करून टाक. तू चिडतेस. तिला हेही सांग की ओला कागद थांबत नाही म्हणून चिडतेस, ती आली म्हणून नाही. मुलांना हे दोन राग वेगळे कळत नाहीत, सांगावं लागतं. खुर्चीच्या पाठीवर एखादा निळा पंचा टाक. पंचा असेल तर कागद ओला आहे, घड्याळाचा मोठा काटा तीनवर येईपर्यंत आईला हाक मारायची नाही. पंचा नसेल तर कितीही मार. काटा दिसत असला तर पहिलीतलं मूल पंधरा मिनिटं थांबू शकतं. 'थोडा वेळ' थांबणं मात्र त्याला जमत नाही, कारण तो थोडा वेळ कधी संपतो ते त्याला दिसत नाही.

दिवसाची आखणी सोड म्हटलं, पण वर्षाची जरूर कर. तुझ्या धंद्याला ऋतू आहेत आणि ते तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहेत. पावसाळ्यात कागद दमट असतो, पातळ रंगाचा वॉश वाळता वाळत नाही, ठेवलेल्या कागदांना बुरशीचे ठिपके येतात. तेव्हा रेखांकनं, नवे नमुने आणि पाट्या पुढे ओढ. दसरा-दिवाळी भेटवस्तूंची, त्यामागे लग्नसराई. पौषात लग्नं थांबतात, जोडप्यांच्या चित्रांची मागणी पडते आणि तुला दरवर्षी धसका बसतो की धंदा बसला. तो बसलेला नसतो. तो महिना तुझा आहे. नाशिकची थंडी, कोरडी हवा, तिरपं सोनेरी ऊन. जलरंगाच्या माणसाला याहून काय हवं?

पैशांकडे येते, कारण 'पक्के पैसे' या दोन शब्दांनी तुला गप्प केलं आहे. शाळेचे १२,००० रुपये. रोज सहा तास, महिन्याचे पंचवीस दिवस, म्हणजे १५० तास. तासाला ८० रुपये, आणि त्यातून रिक्षाचे पैसे वजा. तुझ्या चित्राचे खर्च जाऊन उरतात १०००, तास बारा. म्हणजे तासाला ८३. ज्याला तू आठ पानांत चार वेळा 'थोडंफार काहीतरी करते' म्हणतेस, ते काम आजच तासाला त्या नोकरीइतकं मिळवतं. फरक आहे तो महिन्याच्या एकूण रकमेचा आणि पक्केपणाचा, आणि तो खरा आहे, त्याला मी कमी लेखत नाही. पण घरात चर्चा करताना 'नोकरीत तासाला पैसे जास्त' हे गृहीत धरून बसू नकोस. कागदावर दोन्ही आकडे लिहून नवऱ्यासमोर ठेव. तो कारखान्यातला माणूस आहे, तासांचा हिशोब त्याला तुझ्या-माझ्यापेक्षा चांगला कळेल.

आणि १५०० ही किंमत कमी आहे. तू ती चार वर्षांपूर्वी ठरवलीस, तेव्हापासून कागद आणि फ्रेम दोन्ही महागलं. २५०० कर. सहातली दोन गिऱ्हाइकं जातील असं धरू. उरलेल्या चार चित्रांतून खर्च जाऊन आठ हजार हातात येतात. आज सहा चित्रांतून सहाच येतात. शिवाय दोन चित्रं कमी झाली म्हणजे चोवीस तास मोकळे झाले. किंमत वाढवायची तुला लाज वाटते, कारण निम्मी गिऱ्हाइकं ओळखीतली आहेत. नातेवाइकांसाठी वाटल्यास वर्षाला दोन चित्रं भेट म्हणून दे, आनंदाने दे, पैसे घेऊच नकोस. पण निम्म्या किमतीत कोणालाच नको. फुकट दिलेल्या चित्राची आठवण ठेवतात. स्वस्तात दिलेल्याचा भाव करतात. काम हातात घेताना निम्मी रक्कम आगाऊ घे, बदल दोनदाच करून देईन हे आधी सांग, आणि 'परवा वाढदिवस आहे' असं म्हणणाऱ्याला नम्रपणे नाही म्हण.

पक्केपणा हवा असेल तर त्याचीही दुसरी वाट आहे. एलिमेंटरी आणि इंटरमीजिएट या चित्रकलेच्या सरकारी परीक्षा मुलं आजही मोठ्या संख्येने देतात. इंटरमीजिएटच्या श्रेणीवर दहावीला वाढीव गुण मिळतात, अ श्रेणीला सात, म्हणून पालक आपणहून शिक्षक शोधत असतात. जूनपासून परीक्षेपर्यंत आठ मुलांचा एक वर्ग, आठवड्यातून दोन दिवस, सोसायटीच्या हॉलमध्ये. घरात नको, घर आधीच भरलेलं आहे. स्थिरचित्र आणि संकल्पचित्र तू झोपेत शिकवशील. चार-पाच महिने ठरलेली रक्कम येत राहील आणि तुझ्या सकाळी शाबूत राहतील.

हे मी अशासाठी म्हणते की शाळेची वेळ सकाळी ८ ते २ आहे. म्हणजे मुलगी शाळेत असतानाचे, घर त्यातल्या त्यात शांत असतानाचे, चांगल्या उजेडाचे तास. तुझे ओल्या कामाचे सगळे तास ती नोकरी घेऊन जाईल आणि साडेबारापासून तू येईपर्यंत सासूबाई नातीला घेऊन बसतील. त्यांना हे कोणी विचारलं आहे का? पत्रात तरी तसं दिसलं नाही.

नोकरी करणारा चित्रकार संपतो, हे मात्र मला मान्य नाही. आपल्याकडे बेंद्रे यांच्यासारखे चित्रकार वर्षानुवर्षं शिकवत होते आणि रंगवतही होते. घराचे हप्ते थकले असते, नवऱ्याच्या कारखान्यात कपातीची भाषा चालू असती, किंवा मुलांना शिकवण्याची तुला मनापासून ओढ असती, तर मी म्हटलं असतं, डोळे मिटून घे. तू यातलं काहीच लिहिलं नाहीस. तू लिहिलंस की नोकरी असली की घरातले 'ही कामाला जाते' असं तरी म्हणतील. केवळ त्या वाक्यासाठी महिन्याचे दीडशे तास देऊ नकोस. माझं मत विचारशील तर या वर्षी ही जागा घेऊ नकोस. किंमत वाढव, वर्ग घे, आणि पुढच्या मे महिन्यात वहीतले आकडे बघून पुन्हा विचार कर. त्यासाठी आजपासून एक वही मात्र घाल. चित्र कोणाचं, तास किती, खर्च किती, आले किती.

स्वार्थी आहे का, असं विचारलंस. हा प्रश्न आपण बायका फार लवकर विचारतो. तुझ्या मावशीने तुला सांगितलं की आपल्या आज्या जात्यावर ओव्या रचायच्या, त्यांनी कुठे वेगळा वेळ मागितला होता? मावशींचा मुद्दा मी नीट विचार करून बघितला. जात्यावर हात अडकलेले असतात, पण तोंड आणि मन मोकळं असतं. म्हणून तिथे ओवी जन्मली. चित्राला हात लागतात आणि डोळे लागतात, आणि स्वयंपाकालाही नेमकं तेच लागतं. चित्र दळता दळता होत नाही. आपल्याच परंपरेतला दाखला हवा असेल तर तुझ्याच जिल्ह्यातल्या वारली पाड्यांकडे बघ. लग्नघरात आतल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक लिहायचं काम परंपरेने सुवासिनींचं. त्या चौकात पालघाट देवी असते आणि चौकाशिवाय लग्न लागत नाही. म्हणजे तिथे चित्राला घराने अख्खी भिंत दिली आहे, आणि ती घराच्या गडबडीच्या ऐन दिवशी. घर आणि चित्र यांचं मुळातलं वैर नाही. आपल्या फ्लॅटमध्ये चित्राला भिंत नेमून द्यायची राहून गेली आहे, इतकंच.

'घरात कोणी वाईट नाही' यावर माझा पूर्ण विश्वास आहे. म्हणूनच त्यांना सांगणं सोपं आहे. पण नेमकं सांग. नवऱ्याला 'मला मदत कर' म्हणू नकोस, ते फार मोठं आणि धूसर आहे. 'सिलिंडर आणि वर्गणी तुझ्याकडे' म्हण. कुरिअर गेटवर वॉचमनकडे ठेवायला सांग. नणंदेच्या मुलाला प्रकल्पात काय करायचं ते दाखव, करून देऊ नकोस, तो शिकेल तरी. हे सगळं रागाच्या भरात एकाच संध्याकाळी नको. आठवड्याला एक.

आता तुझं स्वतःचं चित्र. तीन वर्षं. ते वाक्य तू पत्रात कंसात लिहिलं आहेस, जणू महत्त्वाचं नाही. मोठा कागद घेऊ नकोस. पोस्टकार्डाएवढा घे. महिन्यातले दोन रविवार, नवऱ्याची सुट्टी असते तेव्हा, सकाळी साडेसहाला घाटावर जा आणि साडेआठला परत ये. रामकुंडाची गर्दी टाळून नारोशंकराच्या देवळाकडच्या बाजूला बस, जिथे तू पूर्वी बसायचीस असं लिहिलंस. पहिली पाच-सहा चित्रं बिघडतील. तीन वर्षं दुसऱ्याच्या फोटोतल्या माणसांचे नाक-डोळे जुळवल्यावर हात घाबरट झालेला असतो, सैल सुटायला त्याला वेळ लागतो. ती चित्रं कोणाला दाखवू नकोस, स्टेटसला टाकू नकोस, विकू नकोस. मुलीला पहिले दोन महिने नेऊ नकोस, नंतर तिच्या वहीसकट खुशाल ने. आणि या दोन तासांना घरात 'फिरायला जाते' असं म्हणू नकोस. 'कामाला जाते' म्हण, कारण तुझं बाकीचं सगळं काम इथूनच येणार आहे.

शेवटी एक गोष्ट, जी तू विचारलेली नाहीस. सहाव्या पानावर एक ओळ आहे. बाल्कनीत सासूबाईंचं जुनं शिलाई मशीन आहे, चादरीखाली झाकलेलं. त्याने जागा अडते, तिथला उजेड घरात सगळ्यात चांगला, पण विकायचा विषय काढला की त्या गप्प होतात. टेबलासाठी हीच जागा मिळाली तर, असं तुझ्या मनात असणार. माझ्याही मनात क्षणभर आलं. पण ते मशीन हलवू नकोस. एका ठिकाणी तू लिहितेस की त्या पूर्वी गल्लीतल्या बायकांचे ब्लाउज शिवायच्या. म्हणजे त्याही घरून काम करत होत्या. त्याही कापडाच्या चिंध्यांचा पसारा मांडत होत्या, त्यांच्याही हातात कात्री असताना कोणी हाक मारत असेल. ते काम केव्हा थांबलं, का थांबलं, हे तुला माहीत नाही, निदान पत्रात तरी नाही. 'हा पसारा अजून किती वेळ?' हे वाक्य त्यांनी कोणाकडून ऐकलं असेल, तेही आपल्याला माहीत नाही.

एखाद्या दुपारी, मुलगी झोपली असताना, त्यांच्याशी बोल. टेबलाचा विषय काढू नकोस, शाळेच्या नोकरीचाही नको. जुन्या घरात ते मशीन कुठे असायचं आणि पाहुणे येणार असले की ते कोण आवरायचं, एवढंच आधी विचार.

तुझी,
ताई